कोंबड्यांची मोजदाद झाली, पाड्यावरच्या लेकरांची कधी?

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरच्या मेलेल्या कोंबड्यांत एच५एन१ हा विषाणू असल्यावर भोपाळच्या प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केले आणि नंदुरबार जिल्ह्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. भारतातील बर्ड फ्लूची ती पहिली नोंद. त्याआधी पोल्ट्रीवाले सांगत होते की ही मानमोडी आहे, म्हणजे रानीखेत, दरवर्षी येते आणि जाते. (आपल्या आज्या-पणज्या १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही मानमोडीच म्हणत. कोंबडीच्या रोगाला आणि माणसाच्या साथीला एकच नाव.) निदान झाले आणि यंत्रणा धावली. पांढऱ्या पोशाखातली पथके शेडमध्ये शिरली. ठरवलेल्या परिघातली प्रत्येक कोंबडी, मग ती शेडमधली असो की आदिवासीच्या अंगणातली, मारली गेली, मोजली गेली, चुना टाकून खड्ड्यात पुरली गेली. पक्ष्यामागे नुकसानभरपाई मिळाली. आसपासच्या तापाच्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, तपासले गेले. माणसात विषाणू आढळला नाही, हे सुदैवच. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा हीच यंत्रणा हलली.

हे सर्व योग्यच झाले. आमचे म्हणणे एवढेच की हे जमते, हे त्यातून सिद्ध झाले. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मेलेल्या जिवाचा नमुना घेता येतो, तो परराज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, त्याचा निकाल मागवता येतो, मृतांचा आकडा ठेवता येतो आणि मालकाला पैसे देता येतात. मग हेच त्या जिल्ह्यातल्या माणसासाठी का होत नाही?

नवापूर ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात अक्कलकुवा. सातपुड्यातला, भिल्ल-पावरा समाजाचा, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचा तालुका. मोलगीच्या पुढे डोंगरउतारांवर नर्मदेच्या काठापर्यंत पाडे विखुरलेले आहेत. मणिबेलीसारखी गावे सरदार सरोवराच्या पाण्याने गिळली. जे काठावर राहिले त्यांच्या नशिबी होडी आली. अशा एखाद्या पाड्यावरचे दीड वर्षाचे पोर ऑगस्टच्या पावसात ताप, खोकला आणि धाप लागून तीन दिवसांत गेले, तर शासनाच्या दफ्तरी काय लिहिले जाते? बहुधा 'ताप'. दवाखान्यापर्यंत पोहोचून गेले असेल तर 'न्यूमोनिया'. कधी 'कमी वजन'. आणि पुष्कळदा काहीच नाही. न्यूमोनिया म्हणजे छाती भरणे. ती कशाने भरली? जिवाणूने, आरएसव्ही नावाच्या विषाणूने, की फ्लूने? घशातला नमुना तपासल्याशिवाय ते कळत नाही, आणि घरी मेलेल्या पोराच्या घशात कापसाची काडी घालायला पाड्यावर कोणी येत नाही.

वकिलीच्या निमित्ताने माझ्या टेबलावर मृत्यूचे दाखले येतात. कोणाला वारस लावायचे असतात, कोणाला योजनेचा अर्ज भरायचा असतो. अनेकजण दाखला उलटसुलट करून विचारतात, वकीलसाहेब, पोरगा कशाने गेला ते यात कुठे लिहिले आहे? कुठेही नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ चे परंतुकच सांगते की नोंदवहीचा उतारा देताना मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांवर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देण्याचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याचे बंधन आले. चांगले झाले. पण ज्याने रुग्णालयाचे तोंडच पाहिले नाही त्याचे काय? २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू शेकडा २२.५ होते. हा देशाचा आकडा आहे, त्यात मुंबई-दिल्लीची बडी इस्पितळेही आली. मोलगीच्या पलीकडे तो किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत, गाडी वेळेवर येत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत. पण त्याच्याही आधीचा प्रश्न मोजणीचा आहे. जे मोजले जात नाही त्याला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष मिळत नाही. जिथे फ्लूचा मृत्यू नोंदलाच जात नाही तिथे फ्लूची लस कशाला, असे म्हणायला अधिकारी मोकळा होतो, आणि कागदावर त्याचे खरेही असते.

मोजल्याने काय कळते, हे पाहायचे तर १९१८ च्या मुंबईकडे जाऊ. जूनमध्ये गोदीच्या बाजूने साथ शिरली, पावसाळ्यात ओसरल्यासारखी झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या काळच्या इंग्रजी आरोग्य खात्याने मृत्यूंची विभागणी समाजनिहाय केली होती. तो तक्ता इतिहासाचे अभ्यासक आय. डी. मिल्स यांनी १९८६ साली आपल्या निबंधात पुढे आणला. दर हजारी मृत्यू असे: युरोपियन ८.३, पारशी ९, देशी ख्रिस्ती १८.४, इतर जातींचे हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना तो तक्ता 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो त्यांचे? ६१.६.

हा आकडा पुन्हा वाचावा. विषाणू एक, शहर एक, महिना एक. इतर जातींच्या हिंदूंपेक्षा तिप्पट, आणि गोऱ्या साहेबापेक्षा सातपट. विषाणूला जात कळत नाही असे आपले शहाणे लोक टीव्हीवर सांगत असतात. विषाणूला कळत नसेल. पण एका खोलीत किती माणसे झोपतात, तापात पेज करून द्यायला घरी कोणी उरले आहे की सगळे एकदमच आडवे झाले आहेत, आजारात दोन दिवस काम सोडता येते की नाही, हे जातीला पक्के कळते. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, गावोगावची उपाशी माणसे शहराकडे येत होती. संशोधकांच्या हिशेबांत फरक आहे, पण त्या साथीत हिंदुस्थानात मेलेल्यांचा आकडा सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून वरच जातो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. ही साथ ऐन भरात होती तेव्हा बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या वस्त्यांत माणसे हजारी साठाने मेली त्या वस्त्या त्यांच्या माणसांच्या होत्या.

आता प्रश्न असा की १९१८ साली परक्या सरकारने ठेवला तसा तक्ता स्वतंत्र भारताच्या सरकारने पुढच्या साथींत ठेवला काय? ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. पुण्यात नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, तोंडाला बांधायचे मास्क काळ्या बाजारात गेले, वाहिन्यांना दुसरे काही सुचेना. रोजचा आकडा प्रसिद्ध होई, त्यात शहर असे, वय असे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती हा रकाना नसे. २०२० नंतर कोरोनातही तसेच. त्याच २००९ च्या साथीत अमेरिकेने काय केले? तेथील १२ राज्यांच्या आरोग्य खात्यांनी मृत्यूंची वंशनिहाय छाननी केली आणि तेथील मूळनिवासींचा मृत्युदर इतर सर्वांच्या चौपट आहे हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये छापले. ज्यांनी त्या लोकांच्या जमिनी घेतल्या त्यांच्याच सरकारला हे छापावे लागले. आपल्याकडे जातनिहाय आकडे मागितले की जातीयवादाचा आरोप होतो. जातीवर मरण चालते, जातीवर मोजणी मात्र चालत नाही!

कोणी म्हणेल, तुमच्या डोंगरात फ्लू आहे हे कशावरून? उत्तर शेजारच्या विदर्भात आहे. मेळघाटातल्या ९३ आदिवासी गावांत संशोधक घरोघर फिरून दोन वर्षांखालील मुलांच्या श्वसनाच्या आजारांवर लक्ष ठेवत होते. शोधत होते आरएसव्ही. २०१९ च्या जानेवारीअखेर आजारी पडलेल्या १७ महिन्यांच्या एका कोरकू मुलाचा नमुना एनआयव्हीत गेला आणि त्यात सापडला एच९एन२. हा पक्ष्यांमधला फ्लू. माणसात त्याची प्रयोगशाळेत सिद्ध झालेली भारतातली ती पहिली नोंद. मूल बरे झाले. 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यावर त्याच वर्षी टिपण आले. ही नोंद मुंबईत झाली नाही, पुण्यात झाली नाही, मेळघाटात झाली. कारण तिथे कोणीतरी पाहत होते. हे संशोधन नसते तर त्या मुलाचा आजार 'सर्दी-ताप' म्हणून विसरला गेला असता, आणि मूल दगावले असते तर 'न्यूमोनिया' किंवा 'कुपोषण' म्हणून. अक्कलकुव्यात आणि धडगावात कोंबड्या माणसांच्याच छपराखाली राहतात, इथलीही मुले पावसाळ्यात धापा टाकतात. फरक एवढाच की त्या ९३ गावांत संशोधक होते.

आता पावसाळ्याचे. फ्लू म्हणजे थंडीचा आजार, हा समज युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून आला. देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर वर्षानुवर्षे नमुने तपासून एनआयव्हीच्या आणि इतर संशोधकांनी दाखवून दिले की काश्मीरमध्ये फ्लूचा जोर हिवाळ्यात असला तरी देशाच्या बहुतेक भागांत तो जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत असतो. म्हणून लस एप्रिल-मे महिन्यांत द्यावी, असे ते सांगतात. शहरातल्या वाचकाला ही वैद्यकातली बारीकशी गोष्ट वाटेल. अक्कलकुव्याला ती जगण्या-मरण्याची आहे. कारण जुलै ते सप्टेंबर हेच महिने असे की नाल्यांना पूर येतो, डोंगरातले कच्चे रस्ते वाहून जातात, गाडी पायथ्याशीच थांबते आणि आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खांद्यावरून आणावा लागतो. घरातले धान्य संपत आलेले असते. चूल घरातच पेटते, धूर घरातच कोंडतो. म्हणजे विषाणू ज्या महिन्यात येतो त्याच महिन्यात दवाखाना दूर जातो.

यात आणखी एक घड्याळ आहे. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा खरा उपयोग. २००९ च्या साथीत इस्पितळांत दाखल झालेल्या, जगभरच्या २९ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१४ साली 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात अभ्यास आला. पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालेल्यांत मरणाचा धोका उशिरा मिळालेल्यांच्या तुलनेत निम्म्यावर होता. दोन दिवस! नर्मदाकाठच्या पाड्यावरून होडीने आणि झोळीने निघालेला माणूस दोन दिवसांत डॉक्टरपुढे उभा राहील याची हमी कोण देणार? ती देता येत नसेल तर औषध माणसाच्या दिशेने निघाले पाहिजे. ते उपकेंद्रात, आशाताईच्या पेटीपर्यंत, पाऊस लागण्याआधी पोहोचले पाहिजे, आणि कोणाला द्यायचे हे ठरवायला तिला फोनवर डॉक्टर मिळाला पाहिजे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिणे आवश्यक वाटले ती गोष्ट: सिकलसेल. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींमधील सिकलसेलवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या पाहणीप्रमाणे भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत जाते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाच्या रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अंग आणि हाडे असह्य दुखतात. ताप आला, अंगातले पाणी कमी झाले, छातीत प्राणवायू कमी पडला की पेशी आणखी वाकतात. फ्लूमध्ये नेमके हे तिन्ही एकदम होते. छातीतल्याच रक्तवाहिन्या तुंबतात, वर न्यूमोनिया चढतो आणि काही तासांत लेकरू हातचे जाते.

हा धोका किती मोठा? अमेरिकेतल्या चार राज्यांत २००३ ते २००५ मधल्या फ्लूच्या दोन हंगामांची छाननी करून २०१० साली 'पीडिआट्रिक्स' या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला. सिकलसेल असलेली मुले फ्लूमुळे इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण इतर मुलांच्या ५६ पट आढळले. टक्के नव्हेत, पट. आणि ही अमेरिकेतली मुले, ज्यांना इस्पितळ होते, जी दाखल होऊ शकली. म्हणूनच जगभर सिकलसेलच्या रुग्णाला दरवर्षी फ्लूची लस द्यावी असा वैद्यकाचा सल्ला आहे.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी, रंगीत कार्डे, २०४७ चे लक्ष्य. तपासणी हवीच. लग्नाआधी कार्डे जुळवून पाहा, हा सल्लाही योग्य. पण ज्याच्या हातात रुग्णाचे कार्ड पडले त्याला या पावसाळ्यात काय मिळणार? राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गरोदर महिला आणि मधुमेह, उच्च रक्तदाब अशा जोखमीच्या रुग्णांना ती मोफत द्यायला सुरुवात केली, हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. त्या यादीत अक्कलकुव्याच्या सिकलसेलग्रस्त लेकरांची नावे कुठे आहेत, हा आमचा सवाल आहे. लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात, विषाणू ओळखणारी एनआयव्ही पुण्यात. २०१० मध्ये नाकात फवारायची स्वाइन फ्लूची लस सीरमने याच राज्यात तयार केली. ज्ञान राज्यात आहे, कारखाना राज्यात आहे.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला कदाचित वाटेल की हा आदिवासींचा प्रश्न, आदिवासी संघटनांनी पाहावा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांत जाऊन विचारा. विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, हे अनेक अभ्यासांत नोंदलेले आहे. ज्या घरात धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर जायची तयारी चालते, त्याच घरात एखादी मुलगी हाडांच्या दुखण्याने रात्रभर कण्हत असते, आणि शेजारीपाजारी संधिवात म्हणत असतात. सातपुड्यातल्या भिल्लाच्या आणि इंदोऱ्यातल्या बौद्धाच्या रक्तातला दोष एकच आहे. लसीची मागणीही एकच असली पाहिजे.

अधिकारी मंडळींकडे एक ठेवणीतले उत्तर असते. आदिवासी दवाखान्यात येत नाहीत, भगताकडे जातात, अंधश्रद्धाळू आहेत. भगताचा प्रश्न आम्ही नाकारत नाही, अंधश्रद्धेशी आमचे जन्माचे वैर आहे. पण ज्याच्या दारात उपचार पोहोचला त्याने तो नाकारला काय, हे आधी तपासा. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीत गावातल्याच कार्यकर्त्यांना मुलांचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियावर औषध द्यायला शिकवले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष आला. अशा गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ५४ कमी होते. गडचिरोलीचा आदिवासी ते औषध घेत होता, कारण ते त्याच्या गावात होते. आणि आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर इतरत्र सुस्ती आली असताना जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० पासून नंदुरबारमध्ये ऑक्सिजनचे प्लांट उभे करायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत माणसे ऑक्सिजनविना तडफडत होती तेव्हा या मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे कौतुक देशभर झाले. भारूड स्वतः भिल्ल समाजातले, स्वतः डॉक्टर. खुर्चीवर कोण बसतो याने फरक पडतो, हे चळवळीला वेगळे सांगायला नको. पण एका अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जी व्यवस्था जाऊ शकते तिला हक्क म्हणता येत नाही.

हक्काचे पाहू. साथ आली की सरकार साथरोग अधिनियम, १८९७ बाहेर काढते. फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला हा चार कलमांचा कायदा. त्यात सरकारला अधिकार आहेत, जनतेला शिक्षा आहे, आणि कलम ४ मध्ये अधिकाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण आहे. रुग्णाला काय मिळाले पाहिजे यावर एक ओळ नाही. तो कायदा आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, १० मार्च १८९७ रोजी, मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीमाई प्लेगनेच गेल्या. २०२० साली या कायद्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी. दुरुस्ती रास्त होती. पण रुग्णाच्या हक्काची ओळ तेव्हाही आली नाही.

ती ओळ बाबासाहेबांच्या राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. हे मार्गदर्शक तत्त्व, त्यावर दावा चालत नाही, असे सरकारी वकील नेहमी सांगतात. पण १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की गरजूला वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ खालच्या जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. तो खटला आगगाडीतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराचा होता. कोलकात्यासारख्या शहरात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले होते. अक्कलकुव्याच्या माणसाला परत पाठवायला दारच नाही. पण जीविताचा हक्क दाराच्या अंतरावरून ठरत नाही. कोर्टात जायचे तर मात्र पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पुन्हा तीच मोजणी. किती मुले, कोणत्या पाड्यावर, कोणत्या महिन्यात, कशाने. हे सरकारच्याच कागदावर नसेल तर पहिल्याच तारखेला सरकारी वकील उभा राहून सांगतो, मिलॉर्ड, असे मृत्यू आमच्या नोंदी नाहीत.

म्हणून अक्कलकुवा, धडगाव, तळोदा येथल्या कार्यकर्त्यांनी मोर्च्याची तयारी जरूर करावी, पण त्याआधी माहितीचे अर्ज टाकावेत. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून अर्ज वेगवेगळे करावेत. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत. अर्ज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. पहिल्या अर्जात विचारावे, गेल्या तीन पावसाळ्यांत तालुक्यात पाच वर्षांखालील किती मुले मेली, बालमृत्यू अन्वेषणात प्रत्येकाचे कारण काय लिहिले आणि त्यांपैकी किती जणांचा घशाचा नमुना फ्लूसाठी तपासला गेला. दुसऱ्यात, तालुक्यात सिकलसेलचे नोंदलेले रुग्ण किती आणि त्यांपैकी किती जणांना फ्लूची लस कोणत्या तारखेला दिली. तिसऱ्यात, ओसेल्टामिविरच्या गोळ्या आणि मुलांचे पातळ औषध कोणत्या उपकेंद्रात किती शिल्लक आहे.

तिसरा अर्ज करताना माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(१) चे परंतुक वर ठळक लिहावे. व्यक्तीच्या जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अधिकारी ते मानणार नाही, तीस दिवस घेईल, मग पहिल्या अपिलात जावे लागेल, त्यात आणखी तीस ते पंचेचाळीस दिवस. हा हिशेब आधीच धरला पाहिजे. पाऊस जूनमध्ये लागतो, लस त्याच्या आधी महिनाभर टोचली जायला हवी. म्हणजे अर्ज आवक-जावक शाखेचा शिक्का घेऊन फेब्रुवारीच्या आतच पडले पाहिजेत.